डायलिसिस चालू ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे

पत्र: "सलाम. माझं वय ३६, नगर जिल्ह्यात राहते. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, हे तिसरं वर्ष. आठवड्यातून दोनदा एसटीने जाऊन डायलिसिस करावं लागतं. मी किडनी द्यायला तयार होते, पण रक्तगट जुळला नाही. सासूबाईंना शुगर आहे. मिस्टरांचं काम सुटलं, घर माझ्या शिवणकामावर चालतं. पहिल्या दिवसापासून उपवास-प्रार्थना करतोय. आता दिरांनी एका आरोग्यसभेला नेलं. तिथले प्रचारक म्हणाले, तुमच्या घरात विश्वास कमी आहे म्हणून चमत्कार अडलाय. मशीन सोडा, २१ दिवस उपवास धरा आणि विश्वासाचं बी म्हणून अकरा हजार पेरा. मिस्टर फार थकलेत, त्यांना हे पटायला लागलंय. माझी तर प्रार्थनाच बंद पडलीय. डोळे मिटले की राग येतो. रविवारी उपासनेत गीत चालू असतं आणि मी नुसते ओठ हलवते. माझाच विश्वास कमी पडतोय का? मुलगा नववीत आहे. पप्पा बरे होणार का, असं विचारतो. त्याला काय सांगू?"

प्रिय भगिनी,

सलाम. तुमच्या पत्रातली एक गोष्ट उद्यावर टाकता येणार नाही, म्हणून ती आधी.

डायलिसिस थांबवायचं नाही. एकही पाळी चुकवायची नाही, मग सभा असो, उपवास असो की नाताळ असो. मी मिशन दवाखान्यात नर्स होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, औषधं बदलली, यंत्रं बदलली, पण माणसाचं शरीर तेच आहे. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसाचं डायलिसिस बंद झालं की अंगातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. आधी पाय सुजतात, मग पाणी फुप्फुसात उतरतं आणि माणसाला आडवं पडणंही अशक्य होतं. रक्तात पोटॅशियम साठतं, ते फार वाढलं की हृदय एकाएकी बंद पडू शकतं. असे रुग्ण बहुधा एक-दोन आठवड्यांत जातात, आणि तुम्हाला सांगितलेत २१ दिवस. वर उपवास सोडताना आपण जे हातात देतो, म्हणजे नारळपाणी, केळं, मोसंबीचा रस, त्या सगळ्यात पोटॅशियमच भरलेलं असतं.

त्या प्रचारकांना हे ठाऊक नसेल तर त्यांनी या विषयावर तोंड उघडायला नको होतं. ठाऊक असून बोलले असतील, तर त्यांच्यासाठी सौम्य शब्द शोधत बसायची माझी तयारी नाही.

पण डॉक्टरी कारणं सांगून तुमच्या मिस्टरांचं समाधान होणार नाही, हे मला कळतं. त्यांच्यापुढे प्रश्नच असा ठेवलाय की मशीन हवं की देव हवा. तेव्हा पवित्र शास्त्र घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला विसावा अध्याय काढा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, रडला, आणि देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली. सभांमध्ये गोष्ट इथवर सांगतात आणि हालेलूया म्हणून पुढे जातात. पुढच्या वचनांत यशया संदेष्टा अंजिरांचं पोटीस मागवतो, ते राजाच्या गळवावर बांधतात आणि मग राजा बरा होतो. देवाने शब्द दिला होता, तरी पोटीस लागलंच. यशयाला त्यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही.

प्रेषित पौलाचंही तसंच. त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले की ते बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. तोच पौल तीमथ्याला लिहितो की नुसतं पाणी पीत जाऊ नकोस, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. त्रफिम नावाचा त्याचा एक सोबती होता. शेवटच्या पत्रात पौल एका ओळीत कळवतो की त्रफिमाला मिलेतात आजारी असताना ठेवून आलो. एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी होता, असं म्हणत नाही. पौलाचा कमी होता, असंही आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि ज्या लूकने शुभवर्तमान लिहिलं त्याला कलस्सैकरांच्या पत्रात 'प्रिय वैद्य' म्हटलंय. वैद्यकी सोडून ये, मग तुला सोबत घेतो, अशी अट पौलाने त्याला घातल्याचं कुठे वाचायला मिळत नाही.

आता पैसे. शिवणकामावर चालणाऱ्या घरातून अकरा हजार मागायला जीभ कशी धजते, हा माझा प्रश्न आहे, तुमचा नाही. तुम्ही फक्त द्यायचे नाहीत. दीर आग्रह करतील, त्यांना सांगा की तेवढ्या पैशांत एसटीचं भाडं आणि इंजेक्शनं कितीतरी महिने निघतील.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या मंडळ्यांमध्ये मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. त्यांच्या माहेरी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात काय झालं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते, गाठीला पैसा होता. दैव फिरेल या आशेने तो दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेला, मागून दागिने गेले, भांडी गेली. शेवटी त्या कुटुंबाने रानातल्या पाल्यावर दिवस काढले. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आपले लोक ही हकीगत दुसऱ्यांच्या धर्माला नावं ठेवायला सांगतात. मला ती आपल्याच अंगणात आणून ठेवावीशी वाटते. संकटातल्या माणसाच्या भीतीवर पैसे गोळा करायचे आणि फळ आलं नाही की खापर त्याच्याच विश्वासावर फोडायचं, हा व्यवहार कुठल्या देवाच्या नावाने चाललाय यावरून चांगला किंवा वाईट ठरत नाही.

तुमचा विश्वास कमी पडतोय का? जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे बघून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नावं खोडली. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र तर सुरुवातीला फार चांगले वागले. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तुझं काहीतरी चुकलं असणार, तुझ्या मुलांचं चुकलं असणार, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की ईयोब माझ्याविषयी बोलला तसं नीट तुम्ही बोलला नाहीत. ईयोब काय बोलला होता? आपल्या जन्माच्या दिवसाला त्याने शाप दिला, देवाला कोर्टात खेचल्यासारखा जाब विचारला. रविवारी तुम्ही नुसते ओठ हलवता, त्यापेक्षा हे पुष्कळ भारी होतं.

तेव्हा राग येतो याची भीती काढून टाका. प्रार्थना सुचत नसेल तर ओढूनताणून करू नका. ८८वं स्तोत्र उघडा. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत बहुतेक वेळा शेवटी कुठेतरी 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं येतं. या स्तोत्रात ते येत नाही. रात्रंदिवस हाक मारली, तू मुख लपवलंस, जिवलग माणसं दूर केलीस, असं म्हणत म्हणत ते अंधारातच संपतं. शेकडो वर्षं ते देवळात म्हटलं गेलं, हस्तलिखितं उतरवून घेणाऱ्यांपैकी कोणालाही त्याला एक आनंदाचं कडवं जोडावंसं वाटलं नाही. मिस्टर चार तास मशीनवर असतात तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून ते हळू आवाजात वाचा. आपले शब्द आटले की दुसऱ्याचे घ्यायचे, स्तोत्रं त्यासाठीच आहेत. आणि उपासनेत नुसते ओठ हलवणं मला ढोंग वाटत नाही. तुम्ही आलात, बाकावर बसलात. तीन वर्षांनंतर तुम्हाला तेवढंच जमत असेल तर तेवढं पुरे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकली असेल, पण कर्मेल डोंगरावरचा अग्नी सगळ्यांना पाठ असतो आणि पुढचा अध्याय घाईत जातो. त्या पुढच्या अध्यायात हाच एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो. त्याला विश्वासावर संदेश देत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो आणि म्हणतो की पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर. भगिनी, तुम्ही शेवटच्या नीट कधी झोपलात? पहाटे एसटी, दिवसभर दवाखाना, रात्री शिलाई मशीनवर ब्लाऊज. तुम्ही स्वतः उपवास करत असाल तर तो आजपासून सोडा. माझ्या सांगण्यावरून सोडा हवं तर.

मिस्टरांच्या थकव्यातही विश्वासाचा प्रश्न किती आणि रक्ताचा किती, हे पाहायला हवं. किडनी बिघडली की रक्त तयार करण्याची सूचना देणारं संप्रेरक कमी पडतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. मग माणूस जिना चढू शकत नाही, कशात मन लागत नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं. त्यासाठी इरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन असतं, लोहाचं असतं. पुढच्या पाळीला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हिमोग्लोबिन किती आहे, दोनऐवजी तीन पाळ्या लागतील का, आणि मन इतकं खचलंय त्यावर काही उपचार घ्यावा का. वॉर्डात मी हे पुष्कळदा पाहिलंय, आता प्रभूने न्यावं म्हणणारा माणूस रक्त थोडं वाढल्यावर चहात साखर कमी म्हणून कुरकुरायला लागतो. मिस्टरांना एकट्याने बोलूही द्या. मशीन सोडायचं म्हणतात ते चमत्काराची खात्री आहे म्हणून, की तुमच्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून? पुरुष असलं काही सरळ सांगत नाहीत.

रक्तगट जुळला नाही म्हणून दार बंद झालं असं धरू नका. तुमच्यासारखंच दुसरं जोडपं असतं, त्यांचाही रक्तगट आपसात जुळत नाही, पण तुमची किडनी त्यांच्या माणसाला आणि त्यांची तुमच्या माणसाला चालते. अशी अदलाबदल कायद्याने करता येते, तिला दवाखान्यात स्वॅप म्हणतात. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करणारी केंद्रं आहेत, पण ते खर्चिक पडतं. शिवाय मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. ही यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती सांभाळते, तिचं एक केंद्र पुण्यात आहे, आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. नाव घातलंय का, हे तुमच्या पत्रात कुठे नाही. वाट मोठी असते, पण नाव नसेल तर वाट सुरूच होत नाही. कोणी पैसे घेऊन किडनी मिळवून देतो म्हणाला तर उठून चालायला लागा, तो गुन्हा आहे.

एसटीचा त्रास असह्य झाला असेल तर पोटाच्या डायलिसिसबद्दलही विचारा. ते घरी करता येतं. मात्र स्वच्छता काटेकोर पाळावी लागते आणि त्यासाठीच्या द्रवाच्या पिशव्यांचा खर्च असतो, सगळ्यांना ते चालतंही नाही. पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेत मदत करणाऱ्या माणसाला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. पुढे मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर ते धर्मादाय आहे का ते पाहा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा आणि लाजू नका.

मंडळीवर माझा थोडा राग आहे. महिला मंडळाच्या बाया येत असणार, अर्धा तास प्रार्थना होत असणार, चहा होत असणार आणि त्या गेल्यावर कपबशा तुम्हीच विसळत असणार. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्या बुडाखाली दगड सरकवला आणि मग दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. नुसतं 'हात वर ठेव मोशे, आम्ही प्रार्थनेत आहोत' असं ते म्हणाले नाहीत. पाळकसाहेबांना भेटा आणि मोघम मदत मागू नका. आठवड्यातल्या एका पाळीला मंडळीतल्या तरुणांपैकी कोणीतरी मिस्टरांबरोबर जावं. महिन्यातून दोनदा सासूबाईंजवळ कोणीतरी बसावं. शाळेचे गणवेश, गायनमंडळाचे झगे, जे शिवायचं असेल ते तुमच्याकडे यावं आणि शिलाई पूर्ण द्यावी. पंचांनी नाही म्हटलं तर मला कळवा, मी त्यांनाही पत्र लिहीन. ते छापूही.

रमाबाईंकडे पुन्हा येते, कारण चिकाटीचा विषय निघाला की मला त्याच आठवतात. आईवडिलांच्या मागून १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात लेक मनोरमा लहान. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण पुढे कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच लिहिलंय. तिथल्या वाँटेज मठाच्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांनी सिद्धांतांवरून पत्रांतून वाद घातले, कोणी पुढ्यात ठेवलेलं मुकाट्याने मानलं नाही. १८९३ मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर धर्मांतराचं वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे आधारस्तंभ सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तिकडे मिशनऱ्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. मग दुष्काळ आला, प्लेग आला, आणि त्या दुष्काळी भागात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे ठेवता येईनात म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती एक लेक. रमाबाई त्याही वर्षी बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

देवाने त्यांचं माणूस एकदाही परत दिलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण साक्षी सांगताना आपण ज्यांचं बरं झालं त्यांनाच पुढे बोलावतो. येशूनेही गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली होती. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं होतं. प्याला टळला नाही, काटा निघाला नाही. तुमच्या मिस्टरांना किडनी मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळावी म्हणून मी प्रार्थना करतेय. तुम्ही मंगळवारी पहाटे एसटी धरता, शुक्रवारी पुन्हा धरता, त्याला मी विश्वासच म्हणते, मग त्या वेळी मनात काहीही चाललेलं असो.

राहिला मुलगा. नववीतल्या मुलाला खोटं कळतं, आणि देवाच्या नावाने सांगितलेलं खोटं तर तो मोठेपणी विसरत नाही. पप्पा नक्की बरे होतील, असं सांगू नका. बरे होणार नाहीत, असंही सांगू नका. किडनी काय करते, मशीन काय करतं, पप्पांना पाणी का मोजून द्यायचं, ते त्याला नीट समजावून सांगा, विज्ञानाच्या पुस्तकात उत्सर्जन संस्था त्याने पाहिलीच असेल. मलाही भीती वाटते आणि मलाही देवाचा राग येतो, हे त्याला ऐकू द्या, म्हणजे त्यालाही तसं वाटलं तर ते लपवावं लागणार नाही. सुट्टीत एकदा त्याला डायलिसिसला घेऊन जा. पप्पांच्या हातावरच्या फिस्टुल्यावर, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आतलं रक्त थरथरताना लागतं. ती थरथर रोज तपासायची असते, थांबली की लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. हे काम त्याला द्या. रोज शाळेत जाण्याआधी त्याने ते करावं आणि वहीत लिहून ठेवावं.

तुमची,
सदरवाली मावशी